शिडीवर सावधान

कोरेगावच्या अलीकडे एक गाव आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं स्वभावाने गरीब असली तरी काठ्या चांगल्या बाळगून आहेत. त्या गावात एक हायस्कूल आहे, आणि ते सुरू झाल्यापासून तिथे एकही अपघात झालेला नव्हता. मुलं पडायची, पण मुलांचं पडणं हा अपघात नसून अभ्यासक्रम असतो. शिपाई, झाडणारी, पाणी भरणारा यांच्यापैकी कुणाला कधी साधं खरचटलं म्हणून नाही. ही माणसं फार जपून वागत होती असंही नव्हे. इथे धोका आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे धोक्यालाही ते माहीत नव्हतं.

मग वरून परिपत्रक आलं. साल चौऱ्याहत्तर असेल. शाळेतल्या शिपाई व सफाई कर्मचाऱ्यांच्या जिवाची काळजी घ्यावी, सुरक्षा सप्ताह पाळावा, आणि कर्मचाऱ्यांना धोक्याची सतत आठवण राहील अशा सूचना जागोजागी लावाव्यात, असा त्याचा आशय होता.

हेडमास्तर विष्णुपंत मूळचे वाईचे, त्यातून संस्कृत घेऊन बी.ए. झालेले. त्यांनी त्या रविवारी बैठक मारून सूचना रचल्या, चित्रकलेच्या मास्तरांनी त्या फळ्यांवर रंगवल्या आणि सोमवारी सकाळी शाळेच्या तिन्ही नोकरांना रांगेत उभं करून पंतांनी पहिली सूचना खड्या आवाजात वाचली.

"जलसिक्त भूमीवर संयत पदन्यास करावा!"

झाडणारी साळूबाई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "आवं सर, कुणाचं लगीन हाय का?"

"लग्न नाही, साळूबाई. ओल्या फरशीवर हळू चाला, असं म्हटलंय."

"मग तसंच लिवायचं की. फरशी मीच पुसती, वली मीच करती, आन् हळू चालायचं बी मलाच सांगतायसा. वल्या फरशीवर धावतंय कोण? तुमीच धावतासा घंटा झाल्यावर."

दुसरी सूचना होती, 'मार्गात अडथळा ठेवू नये.' ती जाता-येता दिसावी म्हणून पंतांनी फळी व्हरांड्याच्या मधोमध तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर उभी केली होती. पाणी भरणारा नाथाजी दोन हातांत दोन घागरी घेऊन आला आणि तिला धडकून पालथा झाला. घागरीही पालथ्या झाल्या, त्यामुळे भूमी जलसिक्त झाली आणि पहिल्या सूचनेचीही सोय झाली. शाळेच्या इतिहासातला तो पहिला अपघात. पंतांनी फळीकडे आणि नाथाजीकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, "बघा! म्हणूनच अशी सूचना लावावी लागते."

तिसरी सूचना शिडीसंबंधी होती. 'सोपानारोहणप्रसंगी' अशी तिची सुरुवात पंतांनी फार मन लावून केली होती. पण चांगल्या फळ्या संपल्या होत्या. उरली होती खोक्याची एक चिंचोळी पट्टी. तिच्यावर 'सोपानारोहणप्रसं' एवढंच मावत होतं. तेव्हा जड अंतःकरणाने पंतांनी आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात लिहिलं: 'शिडीवर सावधान!'

आणि तिथेच घात झाला, कारण शिडीवर चढायचं काम हंबीररावाकडे होतं.

हंबीरराव म्हणजे शाळेचा शिपाई. तरुणपणी तो पलटणीत शिपाई म्हणून गेला, पंधरा वर्षांनी पेन्शनीवर आला आणि शाळेत पुन्हा शिपाई म्हणून लागला. मराठीने दोन्ही कामांना एकच शब्द ठेवल्यामुळे त्याला नोकरी बदलली असं वाटलंच नाही, बदली झाली असंच वाटलं. तो टोल द्यायचा तो बिगुल वाजवल्यासारखा. हेडमास्तरांच्या टेबलावर चहा ठेवून तो एक पाऊल मागे सरायचा आणि टाच वाजवायचा. सुरुवातीला पंत दचकायचे. पुढे पुढे टाच वाजल्याशिवाय त्यांना चहाची चव लागेना.

त्या सोमवारी दुपारी हंबीरराव व्हरांड्याला शिडी लावून फुटकी कौलं बदलत होता. पंतांना वाटलं, पट्टी खाली लावलीय आणि माणूस वर आहे, मग त्याला आठवण राहणार कशी? म्हणून ते अंगणात आले आणि त्यांनी सूचना स्वतःच गरजून ऐकवली.

"शिडीवर... सावधान!"

हंबीररावाने वरच टाचा जुळवल्या. दोन्ही हात सुटले आणि मांडीच्या शिवणीला जाऊन चिकटले. छाती पुढे आली, हनुवटी वर गेली, नजर कोरेगावच्या दिशेने सरळ. क्षणभर तो शिडीवर असा उभा राहिला, की तिथे झेंडा बांधावा. मग हळूहळू, कुठेही न वाकता, अख्खाच्या अख्खा मागे आला आणि अंगणातल्या कापलेल्या गवताच्या ढिगात उताणा पडला. हात तेव्हाही शिवणीलाच होते.

"लागलं का हो?" पंत धावत आले.

"न्हाई साहेब," गवतातून आवाज आला. "विश्राम म्हणा, म्हंजी उठतो."

हंबीररावाला लागलं नव्हतं, पण बातमी लागली. शाळेचे चेअरमन सुभेदार लालासाहेब संध्याकाळच्या आतच आले. हेही पलटणीतलेच, पण वेगळ्या. मिशा अशा की लोक आधी मिशांना नमस्कार करायचे. लालासाहेबांचा एक मेव्हणा होता, अर्जुना. तो सांगलीला हळदीच्या पेढीवर बसायचा. बसायचा एवढंच, त्यापलीकडे त्याच्या कामाचं वर्णन पेढीच्या मालकालाही करता येत नव्हतं. त्याला आता शाळेत बसवावं, असा लालासाहेबांच्या घरून रोज जेवताना आग्रह व्हायचा.

"पंत, ह्या हंबीराला फेफरं येतंय," लालासाहेब म्हणाले. "चांगला उभा मानूस ताठ हून पडला. उद्या पोरांच्या अंगावर पडला म्हंजी? सुरक्षा सप्ताह हाय. काढून टाका त्याला."

"फेफरं नाही हो सुभेदार, सवय आहे ती."

"सवय आसंल तर अजून वाईट. फेफरं कवातरी येतंय."

लालासाहेबांनी वर कळवलं. वरून निरोप आला, की शनिवारी साताऱ्याहून साहेब येतील, शिपायाला शिडीवर चढवून स्वतः बघतील आणि जागेचा निकाल तिथल्या तिथे देतील.

हंबीररावाचा चेहरा उतरला. नोकरी गेली तर त्याला भावाच्या वस्तीवर जाऊन राहणं भाग होतं आणि भावजय अंबूबाईने त्याच्यासाठी काम आधीच काढून ठेवलं होतं. म्हैस राखायची.

"म्हस काय वाईट असती व्हय, दादा?" साळूबाई म्हणाली.

"वाईट न्हाई गं. पर तिला हुकूम कळत न्हाई. दिवाळीत मी राखली हुती दोन दिस. थम म्हनलं की चालती, चल म्हनलं की बसती. मी नदीकडं तोंड करून सांगितलं, दाहिने मूड, तर बया उसात शिरली. पंधरा वर्सं पलटणीत काढल्याली. आता म्हशीचा हुकूम मी ऐकू का?"

पंतांनी उपाय करायचं ठरवलं. बुधवारी चहा घेऊन आलेल्या हंबीररावाला त्यांनी प्रेमाने समोर उभं केलं. "हंबीरराव, मी आता एक शब्द उच्चारणार आहे. तुम्ही काहीही करायचं नाही. फक्त ऐकायचं."

"व्हय साहेब."

"मन घट्ट करा."

"केलं साहेब."

"सावधान."

कपबश्या खाली गेल्या, किटली खाली गेली, तबक गोल फिरत फिरत भूगोलाच्या मास्तरांच्या पायाशी जाऊन शांत झालं. हंबीरराव मात्र तसूभर हलला नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण नजर समोर होती.

"मन घट्ट केलं हुतं, साहेब," तो म्हणाला. "हातानं ऐकलं न्हाई."

"आता झाडू मीच मारायचा न्हवं?" साळूबाई दारातून म्हणाली. "मारती. जलसिक्त भूमी काचंची झाली निस्ती."

तेव्हा पंतांनी दुसरा मार्ग धरला. तो शब्दच शाळेतून हद्दपार केला. शिडीवरची पट्टी उतरवून बंबात घातली. कवायतीच्या मास्तरांनी 'नीट उभे राहा' असं म्हणायचं ठरलं आणि ते ऐकून मुलं जास्तच वाकडी उभी राहू लागली. कारण मुलांना सांगितलं नव्हतं. मुलांना कळलं असतं, तर हंबीरराव आठवडाभर कुठेतरी उभाच सापडला असता.

सगळं सुरळीत चाललं असताना शुक्रवारी शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत मांडव उभा राहू लागला. तात्याबा पाटलाच्या लेकीचं लग्न. मांडवाच्या खांबाला लाउडस्पीकरचा कर्णा बांधत होते आणि कर्ण्याचं तोंड नेमकं शाळेच्या कौलांकडे होतं. पंत मांडवाकडे बघत उभे राहिले आणि त्यांना घाम फुटला. ते तसेच हरीभटजींच्या घरी गेले.

"हरीभटजी, उद्याच्या मंगलाष्टकांतून एक शब्द गाळता येईल का?"

"कोणता?"

पंतांनी इकडेतिकडे पाहिलं आणि भटजींच्या कानात सांगितला.

भटजींनी पानाची पिंक टाकली. "पंत, लग्नातून तो शब्द काढला तर उरतं काय? जेवण. आणि तो शब्द तिथे धोक्याची सूचना म्हणूनच घातलेला आहे. पूर्वजांनी विचार करून घातलाय. आजवर एकाही नवऱ्याने ऐकला नाही हा भाग वेगळा."

"निदान हळू तरी म्हणाल?"

"कर्ण्यासमोर हळू काय आणि मोठ्याने काय?" भटजी म्हणाले. "पण तुम्ही घाबरता कशाला? मुहूर्त सकाळी दहाचा. तुमचे साहेब बाराला. तोवर माझी दक्षिणासुद्धा खर्च झालेली असेल."

पंतांच्या जिवात जीव आला. तरी साळूबाईने आपल्या परीने बंदोबस्त केलाच. शनिवारी सकाळी तिने कापसाचे दोन बोळे वळले आणि हंबीररावाच्या कानांत आपल्या हाताने ठासले. "आता भटजी यिऊ दे न्हाईतर खुद्द जनरल यिऊ दे," ती म्हणाली. हंबीरराव म्हणाला, "आँ?" तिचं समाधान झालं.

साहेब बाराला आले. बारीक चणीचे, घामाघूम, हातात फाईल. आल्या आल्या त्यांचं लक्ष मांडवाकडे गेलं, कारण मांडव अजून गजबजलेला होता. वऱ्हाड माधवनगरहून ट्रकने यायचं होतं आणि ट्रक वाटेत बसला होता. मुहूर्त टळून गेला होता. नवरदेव आता कुठे बोहल्यावर चढत होता. तात्याबा पाटील स्वतः येऊन साहेबांना जेवणाचं आमंत्रण देऊन गेले. बुंदी होती. साहेबांच्या मनातली तपासणी तिथेच निम्मी झाली.

"चला, चढवा तुमच्या शिपायाला," ते म्हणाले. "लवकर उरकू."

पंतांनी हाताने खूण केली. हंबीरराव काखेत कौल घेऊन खारीसारखा वर गेला. जुनं कौल काढलं, बाजूला ठेवलं. साहेब खूश झाले.

"उत्तम चढतो की. काय हो, वर वारा आहे का?"

हंबीरराव कौल पुसत राहिला.

"मी विचारलं, वारा आहे का?"

हंबीररावाने कौल उलटं करून दुसरी बाजू पुसायला घेतली.

"हा बहिरा आहे का?"

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "तरी मी म्हनलंच नव्हतं साहेब. फेफरं हाय तेवढंच सांगितलं हुतं. बहिरेपण तुमीच शोधलंसा."

साहेबांनी पेन काढलं. पंतांचा धीर सुटला. ते शिडीजवळ धावले आणि दोन्ही हातांनी कानांतले बोळे उपटल्याची खूण करू लागले. हंबीररावाने ती ओळखली, एका हाताने दोन्ही बोळे काढून खाली टाकले आणि नम्रपणे म्हणाला, "वारा हाय साहेब. पर आपल्या बाजूचा हाय."

साळूबाईने कपाळावर हात मारला. कारण समोर अंतरपाट धरला गेला होता, कर्णा खरखरला होता आणि हरीभटजी घसा साफ करत होते.

साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. "ठीक आहे, ऐकू येतं," ते शिडीकडे पाठ करून फाईल उघडत म्हणाले. "तर चेअरमनसाहेब, या जागेचं काय करायचं? शिपाई बदलायचा का? संस्थेचं मत सांगा, लिहून टाकतो. थोडक्यात सांगा."

लालासाहेबांनी यासाठी रात्री आरशासमोर भाषण तयार केलं होतं. त्यांनी छाती भरून घेतली. तेवढ्यात भटजींचं पहिलं मंगलाष्टक लांबत लांबत संपलं आणि कर्णा कडाडला:

"...साऽऽवधान!"

वरती टाचा जुळल्या. हात सुटले, शिवणीला लागले. काखेतलं कौल पडलं आणि फुटलं. शिडी डावीकडे झुकली, मग उजवीकडे झुकली. पंतांनी डोळे मिटून घेतले.

लालासाहेबांनी ते दृश्य पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं. आजवर त्यांना नुसतं ऐकून माहीत होतं. आता त्यांना दिसलं, की हे फेफरं नाही. हा जवान आहे, आणि तो एका भटजीच्या हुकमावर सावधान झालाय. त्यातून त्याचा डावा गुडघा किंचित वाकलाय. मेव्हणा, मेव्हण्याची बहीण, आरशासमोरचं भाषण, सगळं एका क्षणात त्यांच्या डोक्यातून उडालं आणि भरून घेतलेली ती छाती सगळीच्या सगळी बाहेर आली.

"जैऽऽसे थे!"

हा पलटणीतला हुकूम. आधीचा हुकूम रद्द, जो जसा होता तसा. हंबीररावाचे दोन्ही हात झपकन शिडीला गेले. शिडी थांबली.

साहेब सरकारी माणूस. त्यांनी हा शब्द आयुष्यभर फक्त फायलीत वाचला होता. "उत्तम," ते म्हणाले आणि लिहू लागले. "संस्थेचं मत: जैसे थे. किती थोडक्यात सांगितलंत!"

"आवं साहेब, ते न्हवं," लालासाहेब भानावर आले. "जागेचं मी म्हनत हुतो की..."

"...साऽऽवधान!" दुसरं मंगलाष्टक.

हात पुन्हा सुटले. लालासाहेबांनी तोंड घट्ट मिटलं. मिशा थरथरू लागल्या. आता बोलायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं असावं. पण वरती तो डावा गुडघा पुन्हा वाकलाच.

"जैसे थे!"

"कळलं, कळलं," साहेब म्हणाले. "लिहिलंय मी."

तिसऱ्यालाही तेच. चौथ्याला साहेबांनी त्या ओळीखाली रेघ मारली आणि पुढे लिहिलं: 'चेअरमन यांनी हे मत वारंवार, अत्यंत आग्रहाने मांडले.'

आता शेवटचं मंगलाष्टक. अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या, ताशा कडकडला. नवरदेवाने हार उचलला, आणि त्याच क्षणी शाळेच्या अंगणातून सुभेदारांची सगळ्यांत मोठी गर्जना मांडवावर येऊन आदळली.

नवरदेव पलटणीतून रजेवर आलेला जवान होता. नवरीच्या गळ्यापर्यंत गेलेला हार त्याने झटक्यात मागे घेतला.

ताशा बंद पडला.

"नकू म्हनतोय काय रं ह्यो?" नवरीकडचा एक म्हातारा म्हणाला.

"ए गड्या, हार घाल की!"

नवरदेव ताठ उभा. "हुकूम आला न्हवं," तो म्हणाला. "जैसे थे हाय."

नवरीकडची चार पोरं बाह्या सरसावू लागली. वऱ्हाड ट्रकच्या दिशेने बघू लागलं. तात्याबा पाटील धोतर सावरत शाळेकडे धावले. "सुभेदार! आवं काय करून ठिवलंसा ह्ये! माझी पोरगी हार घिऊन उभी हाय तितं!"

लालासाहेबांना जावंच लागलं. आपलं म्हणणं साहेबांना नीट समजावून सांगायची ती शेवटची संधी होती, पण लग्न मोडल्याचं खापर माथ्यावर घेऊन त्या गावात कुणी चेअरमन राहू शकत नाही. ते मांडवात शिरले, नवरदेवासमोर उभे राहिले आणि हाराकडे बोट करून त्यांनी नवा हुकूम दिला. पलटणीत लग्नाचा हुकूम नसतो, त्यामुळे त्यांना तो तिथल्या तिथे बनवावा लागला.

"जवान! हार... डाल!"

हार गळ्यात पडला. ताशा सुरू झाला. सगळ्यांनी सुभेदारांचं कौतुक केलं आणि त्यांना हाताला धरून मानाच्या पाटावर बसवलं.

शेजारच्या पाटावर साहेब आधीच बसले होते. फाईल बंद करून त्यांनी मांडीखाली ठेवली होती आणि पानात बुंदी पडली होती.

"साहेब, त्या जागेचं जरा..." लालासाहेब म्हणाले.

"त्याची काळजी सोडा," साहेब तोंडात घास घेऊन म्हणाले. "हंबीरराव कायम. तुमच्यासारखा शिपायाच्या पाठीशी उभा राहणारा चेअरमन मी आख्ख्या जिल्ह्यात पाहिला नाही. मी तसं वर कळवणार आहे."

लालासाहेबांनी वाढप्याला बुंदी आणखी घालायला सांगितली. घरी जाऊन त्यांना मेव्हण्याची बहीण भेटणार होती, तेव्हा पोटात काहीतरी असणं बरं.

इकडे शाळेचं अंगण मोकळं झालं. पंतसुद्धा डोळे उघडून पंगतीला गेले. हंबीरराव शिडीवरच होता, दोन्ही हातांनी शिडी धरून, नजर समोर.

साळूबाई खालून ओरडली, "दादा, नोकरी ऱ्हायली तुमची! उतरा आता."

"हुकूम?"

"कसला हुकूम?"

"जैसे थे हाय न्हवं अजून. सुभेदार गेलं तसंच निघून. पुढचा हुकूम कुठं हाय?"

साळूबाईने मांडवाकडे पाहिलं. पहिली पंगत उठत होती.

"आवं, बुंदीचा टोप खरवडाय लागल्यात तिकडं," ती म्हणाली. "तुमी हुकूमच खावा मग, मी चालले."

हंबीरराव शिडीवरून उतरला. मधल्या दोन पायऱ्यांना पाय लागला की नाही, हे तिलाही नीट दिसलं नाही.